एका दिवसात कोची : पाठीवर सॅक आणि यादीत अकरा ठिकाणे

पाठपिशवी

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी एकटाच केरळात फिरणार आहे आणि त्या प्रवासात कोचीच्या वाट्याला एकच दिवस येतो आहे. वर्कल्याहून निघालेली गाडी मला पहाटे एर्नाकुलम जंक्शनला सोडेल आणि त्याच रात्री साडेदहाच्या सुमारास तिथूनच उत्तरेकडची गाडी पकडायची आहे. म्हणजे सकाळी सहा ते रात्री नऊ असे पंधरा तास हाताशी आहेत. दिवस शुक्रवार आहे. मुक्काम करणार नसल्यामुळे खोली घेतलेली नाही आणि पाठीवर साधारण अकरा किलोंची सॅक असेल.

यादी अशी आहे : फोर्ट कोचीची चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च, सांताक्रूझ बॅसिलिका, डच दफनभूमी, मट्टानचेरीचा राजवाडा, परदेसी सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, त्याच्या भोवतीचे ज्यू टाउन, धर्मनाथ जैन मंदिर, त्रिपुणितुराचा हिल पॅलेस, चेराईचा समुद्रकिनारा आणि संध्याकाळी कथकली. मला चालायची सवय आहे, ऊन सोसते आणि जेवणाखाण्यासाठी फार वेळ लागत नाही, त्यामुळे हे सगळे बसवता येईल असे मला सुरुवातीला वाटत होते.

आता मात्र शंका येऊ लागली आहे, आणि तिचे कारण मागच्या वर्षीचा अनुभव आहे. पुदुच्चेरीत मी एका दिवसात नऊ ठिकाणी जाऊन आलो होतो. घरी परतल्यावर फोटो चाळताना कोणते दार कोणत्या इमारतीचे आणि कोणती खिडकी कोणत्या चर्चची हे माझे मलाच सांगता येईना. पाय दुखल्याचे तेवढे नीट आठवत होते. तसे पुन्हा होऊ नये, म्हणून जाणकारांना विचारतो आहे. यादीतून काय गाळावे, उरलेल्याचा क्रम कसा लावावा, दिवसभर सॅकचे काय करावे, आणि रात्रीची गाडी असताना कथकलीचा आग्रह धरणे शहाणपणाचे आहे का?

गलबत

पाठपिशवी, तुमच्या यादीत सगळ्यात आधी वार बदलावा लागेल. मट्टानचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. परदेसी सिनेगॉग शनिवारी बंद असते आणि शुक्रवारीही पूर्ण दिवस उघडे नसते. तुम्ही शुक्रवारी गेलात तर राजवाडा हातचा जाईल आणि सिनेगॉग बहुधा धावतपळत बघावे लागेल. वर्कल्याचा एक दिवस कमी करून गुरुवारी पोहोचता आले तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतील. ते जमत नसेल तर हिल पॅलेस सोमवारी बंद असतो, शुक्रवारी नाही, एवढे लक्षात ठेवून दिवसाची वेगळी मांडणी करावी लागेल.

दुसरी गोष्ट भूगोलाची. कोची हे एकसंध शहर आहे असे समजून नकाशा पाहिला की फसगत होते. रेल्वे स्टेशन, मेट्रो आणि बाजारपेठा असलेले एर्नाकुलम मुख्य भूमीवर आहे. तुमच्या यादीतली बहुतेक ठिकाणे ज्या फोर्ट कोची आणि मट्टानचेरीत आहेत, तो भाग पश्चिमेला, समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीच्या उत्तर टोकाला आहे. मधल्या पाण्यात विलिंग्डन बेट आहे. बंदराच्या मुखापलीकडे उत्तरेला वैपिन बेट सुरू होते आणि चेराईचा किनारा त्या बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. हिल पॅलेस एर्नाकुलमच्या पूर्वेला, म्हणजे नेमका उलट दिशेला. एका दिवसात या तीन दिशा गाठायच्या म्हटल्या तर दिवसाचा मोठा भाग गाड्यांमध्येच जाईल. चेराई आणि हिल पॅलेस ही दोन नावे मी निःशंकपणे खोडली असती.

उरलेल्या नऊ ठिकाणांसाठी एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला बोटीने जा, रस्त्याने नको. राज्य जलवाहतूक विभागाच्या जुन्या बोटी एर्नाकुलमच्या मुख्य धक्क्यावरून सुटतात आणि हायकोर्ट धक्क्यावरून आता वॉटर मेट्रोही फोर्ट कोचीला जाते. ही वॉटर मेट्रो २५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झाली आणि फोर्ट कोचीचा मार्ग तिच्यात पुढच्या वर्षी जोडला गेला. रस्त्याने पूल ओलांडत जो वळसा पडतो तो बोटीने वाचतो आणि साधारण वीस मिनिटांत तुम्ही पलीकडे असता. पण वेळ वाचतो एवढ्यासाठीच मी हे सांगत नाही. कोची हे बंदर आहे आणि बंदराची ओळख पाण्यावरूनच होते. इ. स. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने मुझिरिसचे प्राचीन बंदर गाळाने भरले आणि इथले मुख मोकळे झाले, असे मानले जाते. पुढचा पोर्तुगीज, डच आणि इंग्रज असा सगळा इतिहास त्या मुखातून आत आला. ज्या विलिंग्डन बेटाजवळून तुमची बोट जाईल ते बेट तर निसर्गाने केलेलेच नाही. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत बंदराच्या मुखाशी आडवा असलेला वाळूचा बांध फोडला, बोटींची वाट खोल करून घेतली आणि उपसलेल्या गाळाची भर टाकून ते बेट उभे केले. हे ठाऊक असताना त्या पाण्यावरून जाणे आणि ठाऊक नसताना जाणे यांत फार अंतर आहे.

सॅकबद्दल : स्टेशनवरच्या क्लोक रूममध्ये ठेवा. तिथे तिकीट दाखवावे लागते आणि सामानाला कुलूप असावे लागते. ज्या सॅकचे तोंड नाडीने आवळायचे असते तिला कुलूप लावता येत नाही आणि ऐन वेळी सामान घेण्यास नकार मिळतो. म्हणून चेन असलेली एक पातळ, मोठी कापडी पिशवी सोबत ठेवावी, आख्खी सॅक तिच्यात घालावी आणि चेनला छोटे कुलूप लावावे. घडी केली की ती पिशवी मुठीत मावते. पाण्याची बाटली, टोपी, वही आणि कागदपत्रे एवढेच खांद्यावर ठेवून निघा.

नीलमोहर

गलबत यांच्या म्हणण्यात मी एक भर घालते. सामान ठेवताना ते परत कधी मिळेल हे आधी विचारून घ्या. तीन वर्षांपूर्वी मी स्टेशनवर परत जायला नको म्हणून फोर्ट कोचीतल्या एका लहानशा निवासात ओळखीवर सॅक ठेवली. संध्याकाळी साडेपाचला तिथे पोहोचले तर दाराला कुलूप होते आणि मालक गावाबाहेर गेलेले. ते येईपर्यंत पायरीवर दोन तास बसावे लागले. त्या दोन तासांत कथकली हुकली आणि सूर्यास्तही हुकला. स्टेशनवरच्या क्लोक रूमपर्यंत जाण्याचा वळसा त्यापेक्षा नक्कीच परवडला असता.

क्रमाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. बरेच जण चिनी जाळी सूर्यास्तासाठी राखून ठेवतात. तुम्ही ती सकाळीच पाहा. संध्याकाळी तिथे गर्दी असते आणि जाळ्यांकडे सगळे जण मावळतीच्या समोरची काळी आकृती म्हणून पाहत असतात. सकाळी ती कामाला लागलेली असतात. मल्याळममध्ये त्यांना चीनवला म्हणतात, म्हणजे शब्दशः चिनी जाळे. काठावर लाकडी चौथरा, त्यावर आडवी तुळई आणि तिच्यावर झुकलेली प्रचंड चौकट. चौकटीच्या चार वाकलेल्या दांड्यांना चार कोपऱ्यांनी बांधलेले जाळे पाण्यावर ओंजळीसारखे लोंबत असते. मागच्या बाजूला दोरांना मोठे धोंडे टांगलेले असतात. हे सगळे इतके काटेकोर तोललेले असते की एक माणूस तुळईवरून पुढे चालत गेला तरी त्याच्या वजनाने जाळे पाण्यात उतरते. वर काढताना मात्र चारपाच जणांना दोर ओढावा लागतो. दोरांची लांबी कमीअधिक असते, त्यामुळे जाळे वर येऊ लागले की धोंडे एकामागून एक खाली टेकतात आणि तोल शेवटपर्यंत सांभाळला जातो. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा सगळे लक्ष जाळ्यात काय आले याकडे होते. दुसऱ्या वेळी धोंड्यांकडे पाहत राहिले, आणि ही रचना खरोखर त्याच वेळी कळली. भरतीच्या वेळा पाहून गेलात तर अधिक बरे, कारण भरतीच्या पाण्याबरोबर मासळी आत येते आणि जाळी वरचेवर खाली-वर होत राहतात. ओहोटीला कित्येकदा ती नुसतीच उभी असतात. जाळी पाण्यावरून पाहायची इच्छा असेल तर फोर्ट कोची-वैपिन अशी गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट आहे. तिने पलीकडे जाऊन लगेच परत या. चेराई गाळल्याची रुखरुखही त्याने थोडी कमी होईल.

जाळ्यांपासून सेंट फ्रान्सिस चर्च चालत काही मिनिटांवर आहे. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला आणि त्याला या चर्चमध्ये पुरले. सुमारे चौदा वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. जमिनीत बसवलेली आणि कठड्याने वेढलेली ती शिळा पाहून बहुतेक लोक मागे फिरतात. तुम्ही भिंतींकडेही पाहा. पूर्वी जमिनीत असलेल्या थडग्यांच्या शिळा उपटून भिंतींत बसवल्या आहेत, एका बाजूला पोर्तुगीजांच्या आणि दुसऱ्या बाजूला डचांच्या. हे चर्च पोर्तुगीजांच्या काळात कॅथलिक होते, १६६३ मध्ये डच आल्यावर प्रॉटेस्टंट झाले आणि १७९५ मध्ये इंग्रजांनी कोची घेतल्यानंतर कालांतराने अँग्लिकन पंथाकडे गेले. एवढे सत्तापालट एका साध्या दालनाच्या दोन भिंतींवर वाचता येतात. वर छताला दोराने ओढायचे जुने पंखेही आहेत आणि त्यांचे दोर भिंतीतून बाहेर काढलेले आहेत, म्हणजे ओढणारा माणूस प्रार्थनेच्या वेळी उन्हात बाहेर बसे. मला त्या चर्चमधली ही गोष्ट सर्वांत अधिक लक्षात राहिली आहे.

बॅसिलिकाची आजची इमारत १९०५ मधली आहे. जुने चर्च इंग्रजांनी पाडले होते. वेळ असेल तर आत डोकावा, नसेल तर हळहळू नका. डच दफनभूमीचे फाटक बहुधा बंदच असते, कठड्याबाहेरून थडगी दिसतात.

पाठपिशवी

गलबत आणि नीलमोहर, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून वर्कल्याचा एक दिवस कमी केला आणि तिकीट बदलून घेतले. आता कोचीत गुरुवारी पोहोचेन. चेराई आणि हिल पॅलेस यादीतून काढले आहेत. नाडीची सॅक आहे हे तुम्ही कसे ओळखले ठाऊक नाही, पण तशीच आहे आणि चेनवाली पिशवी आता शिवून घेतो आहे.

दोन शंका उरल्या आहेत. मट्टानचेरीला दुपारी जावे की सकाळी? आणि कथकलीबद्दल कोणी बोलले नाही. पर्यटकांसाठी केलेला दीडेक तासाचा प्रयोग पाहून काही हाती लागते का, की तेवढ्या वेळात समुद्रावर सूर्यास्त पाहावा?

सांजसावली

मट्टानचेरीबद्दल मी सांगते, कारण मी तिथे एकदा दिवसभर आणि पुन्हा एकदा फक्त राजवाड्यासाठी गेले आहे.

सकाळी चिनी जाळी आणि चर्च पाहून झाले की दहाच्या सुमारास बझार रोडने चालत मट्टानचेरीकडे निघा. अंतर दोन-अडीच किलोमीटर आहे आणि रस्ता पाण्याच्या कडेने जुन्या वखारींमधून जातो. काही वखारींत अजून सुंठ आणि मिरी यांची पोती असतात. दार उघडे असेल तर वास आधी येतो आणि पोती नंतर दिसतात. ज्यू टाउनमध्ये एके काळी मिऱ्यांचा वायदेबाजार चालत असे, हे तो वास घेतल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हा रस्ता रिक्षाने ओलांडू नका, असे मी आवर्जून सांगेन. जैन मंदिर याच भागात आहे, वाटेत जमले तर पाहा.

सिनेगॉग दुपारी एक ते तीन बंद असते आणि राजवाडा दुपारीही उघडा असतो, म्हणून आधी सिनेगॉग आणि मग राजवाडा असा क्रम ठेवा. दोन्ही वास्तू जवळजवळ पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. सिनेगॉग १५६८ मधले आहे. पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि खांदे व गुडघे झाकलेले असावेत, तेव्हा बिनबाह्यांचा शर्ट आणि अर्धी चड्डी घालून जाऊ नका. आत गेल्यावर नजर वरच्या झुंबरांकडे जाते, पण तुम्ही पायांखाली पाहा. अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत आणि एक फरशी दुसरीसारखी नाही असे सांगतात. मी एका कोपऱ्यात थांबून वीसेक फरश्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. चित्र तेच असले तरी झाडाची फांदी कुठे अधिक वाकलेली आहे, कुठे रंग पसरला आहे, कुठे हात घाईत फिरला आहे. इथल्या ज्यू समाजातली बहुतेक कुटुंबे इस्रायलच्या स्थापनेनंतर तिकडे गेली आणि आज इथे फारच थोडी माणसे उरली आहेत. म्हणून तिथे आवाज चढवून बोलू नये, असे मला वाटते.

उन्हाचे दोन तास राजवाड्यात काढा. त्याला डच पॅलेस म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यात बांधून कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी पुढे डागडुजी केली आणि नाव त्यांचे चिकटले. रचना मात्र केरळी नालुकेट्टू घराची आहे, म्हणजे मध्ये चौक आणि चारी बाजूंनी सोपे, आणि चौकात पळयन्नूर भगवतीचे देऊळ. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवले आहे. दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून कथा सुरू होते. गेरूचा लाल, पिवळा, हिरवा, काजळाचा काळा आणि मधून मधून भिंतीचा पांढरा, एवढ्याच रंगांत सगळे आहे. रिकामी जागा चित्रकाराने जवळजवळ ठेवलेलीच नाही. माणसांमध्ये झाडे, झाडांमध्ये पक्षी, आणि एका प्रसंगाची कड दुसऱ्या प्रसंगात इतकी मिसळलेली की कथा ठाऊक नसेल तर नुसता रंगांचा गलबला दिसेल. आपल्याला कथा ठाऊक असते, हे आपले भाग्य. पहिली दहा मिनिटे डोळ्यांना तो गलबला उलगडत नाही. मग एखादी ओळखीची आकृती सापडते आणि तिच्यापासून पुढे-मागे कथा वाचता येऊ लागते. पहिल्या खेपेला मी त्या खोलीत पाच मिनिटे होते आणि मला काहीही दिसले नव्हते, म्हणूनच दुसऱ्यांदा गेले. जमिनीकडेही लक्ष द्या. काळ्या संगमरवरासारखी चकाकते, पण ती जाळलेल्या करवंट्या, कोळसा, चुना, वनस्पतींचे रस आणि अंड्यांचा पांढरा बलक यांच्या मिश्रणाने घोटलेली आहे.

आता एक गोष्ट, जी प्रवासाच्या पुस्तिकांत सहसा मिळत नाही पण मराठी वाचणाऱ्याला जवळची वाटेल. मट्टानचेरीच्या चेरलाई भागात तुम्हाला रस्त्यावर कोकणी ऐकू येईल. पोर्तुगीजांच्या काळात धर्मछळामुळे गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती आहे आणि त्यांचे तिरुमल देवस्थान तिथेच आहे. डचांच्या काळात व्हान रेडे या अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध करवला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅममध्ये छापले गेले. त्या कामात इट्टी अच्युतन या वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. त्यांनी दिलेला दाखला पहिल्या खंडात कोकणीत, नागरी लिपीत छापलेला आहे. आपण आज ज्या लिपीत हा संवाद करतो आहोत, ती छापील कागदावर उमटल्याच्या अगदी आरंभीच्या खुणांपैकी ही एक आहे, आणि ती या गल्ल्यांत राहणाऱ्या माणसांमुळे उमटली. चेरलाईत पाहण्यासारखे ‘ठिकाण’ म्हणून मी काही सुचवत नाही. राजवाड्यातून निघाल्यावर अर्धा तास त्या बाजूने चालत जा, एवढेच.

गलबत

सांजसावली यांनी शेवटी सांगितलेली गोष्ट मला माहीत नव्हती. चार वेळा कोचीला जाऊनही मी चेरलाईकडे वळलो नाही, याची खंत वाटते.

कथकलीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : सूर्यास्त सोडा, रंगभूषा पाहा. जानेवारीत तिथे सूर्य साधारण सव्वासहाच्या आसपास मावळतो आणि फोर्ट कोचीतल्या कथकली केंद्रांत रंगभूषा बहुधा पाचच्या सुमारास सुरू होऊन सहाच्या आसपास प्रयोग उभा राहतो. म्हणजे दोन्ही एकदम साधणार नाहीत. सूर्यास्त तुम्हाला पश्चिम किनाऱ्यावर कुठेही मिळेल, वर्कल्यात तर तो पाहूनच तुम्ही येणार आहात.

रंगभूषेच्या वेळी नट प्रेक्षकांसमोर मंचावर बसतात. चेहऱ्यावरचा हिरवा रंग ते स्वतः लावतात. त्याला पच्चा म्हणतात आणि तो राम, अर्जुन, नल अशा धीरोदात्त पात्रांचा. रावणासारख्या उन्मत्त पण पराक्रमी पात्राला हिरव्यावर लाल रेघा येतात, तो कत्ती. नंतर नट चटईवर उताणा झोपतो आणि दुसरा कलावंत त्याच्या जबड्याच्या कडेने तांदळाच्या पिठाचा लेप आणि कापलेले पांढरे कागद लावून चुट्टी, म्हणजे चेहऱ्याभोवतीची पांढरी कड, उभारतो. या कामाला बराच वेळ लागतो आणि त्या अवधीत नट डोळे मिटून निश्चल पडलेला असतो. मंचावर येण्याआधी डोळ्यांत एका झाडाच्या फुलातली बारीक बी ठेवतात, तिने बुबुळांभोवतीचा पांढरा भाग हळूहळू लाल होतो. तो लाल डोळा हिरव्या चेहऱ्यात फिरू लागला की शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

खरे कथकली मंदिराच्या अंगणात रात्रभर चालते, हे मान्य. पर्यटकांसाठीच्या प्रयोगात एखादा प्रसंगच असतो. पण सुरुवातीला ते हस्तमुद्रा आणि डोळ्यांच्या हालचाली एकेक करून समजावून देतात आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तेच उपयोगी पडते. तुम्ही पाचला जाऊन पुढे बसा, सात-साडेसातपर्यंत पाहा आणि उठा. शेवटच्या बोटीची वेळ सकाळी उतरल्यावरच धक्क्यावर विचारून लिहून ठेवा. बोट चुकली तर रस्त्याने परतायला किमान एक तास धरून चला.

पाठपिशवी

काल रात्रीच्या गाडीने निघालो आणि आता खिडकीशी बसून हे लिहितो आहे. पुढे कोणी हाच प्रश्न घेऊन आले तर उपयोग व्हावा, म्हणून दिवस कसा गेला ते कळवतो.

सकाळी सात वाजता सॅक कुलूप लावलेल्या पिशवीत घालून क्लोक रूममध्ये ठेवली. पिशवी नसती तर ती घेतली गेली नसती, कारण माझ्यापुढच्या मुलाला त्याच कारणासाठी परत पाठवले. पहिल्या बोटींपैकी एकीने पलीकडे गेलो. भरतीची वेळ आदल्या रात्री पाहून ठेवली होती आणि पाणी चढते होते. एका जाळ्यापाशी पाऊण तास उभा राहिलो. तिथल्या एका आजोबांनी हाताने खूण करून दोर धरायला बोलावले. जाळे पाण्याबाहेर येईपर्यंत ओढणे जड जाते, आणि धोंडा खाली टेकला की हातातला ताण एकदम कमी होतो. नीलमोहर यांचे वर्णन वाचूनही हे कळले नव्हते, ते दोर धरल्यावर कळले. जाळ्यात बारीक मासळी आणि दोन खेकडे होते. एक खेकडा त्यांनी पुन्हा पाण्यात सोडला.

चर्च, बझार रोड, सिनेगॉग, राजवाडा आणि चेरलाई या क्रमाने गेलो. बॅसिलिका बाहेरून पाहिली, जैन मंदिर राहिले, दफनभूमीचे फाटक बंदच होते. राजवाड्यासाठी मी एक तास धरला होता, प्रत्यक्षात अडीच तास लागले. शयनगृहात दोनदा गेलो. पहिल्यांदा सांजसावली म्हणतात तसा नुसता गलबला दिसला. मग बाहेर चौकाकडे तोंड करून थोडा वेळ बसलो आणि पुन्हा आत गेलो, तेव्हा एका कोपऱ्यात यज्ञाचा अग्नी ओळखू आला आणि तिथून कथा धरता आली. पुढे जाणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्या खोलीसाठी निदान चाळीस मिनिटे राखून ठेवावीत आणि ती दुपारच्या उन्हात, म्हणजे बाहेर फिरणे नकोसे होते तेव्हाच वापरावीत.

चेरलाईत एका दुकानाच्या पायरीवर दोन बायका बोलत होत्या. शब्द पूर्ण कळत नव्हते, तरी मध्येच ‘उदक’ आणि ‘घर’ हे ओळखीचे कानी पडले. मी मराठीत विचारले की देवळाकडे कसे जायचे, आणि त्यांनी कोकणीत सांगितले. वाट बरोबर निघाली.

कथकलीला पाचला पोहोचलो आणि चुट्टी पूर्ण होईपर्यंत नटाच्या चेहऱ्यावरून नजर हलली नाही. गलबत यांनी सांगितल्याप्रमाणे सकाळीच बोटीची वेळ वहीत लिहिली होती, त्यामुळे सव्वासातला उठलो आणि बोट मिळाली. घाई फक्त त्या एका वेळी झाली. फोटो या वेळी एकंदर एकतीस निघाले आहेत. त्यांतले अकरा त्या सिनेगॉगच्या एकाच कोपऱ्यातल्या फरश्यांचे आहेत आणि कोणता कुठला हे मला सांगता येते.